तुळसक्का उतरली नाही

तुळसक्काच्या घरात एक क्रियापद बंद होतं. उडणं.

तिच्या अंगणातली चिमणी 'जायची'. पतंग 'चढायचा'. रात्री डास चावले तर झोप 'मोडायची'. बाहेरच्या कुणी चुकून "फ्यूज उडाला" म्हटलं, तर तुळसक्का हातातलं काम थांबवून बघायची आणि म्हणायची, "फ्यूज गेला म्हण की. तोंड कशाला विटाळतोस?"

कारण साधं होतं. तुळसक्का रंगाऱ्यांच्या घराण्यातली. तिचे पूर्वज कितीतरी पिढ्यांमागे रंगाची भांडी आणि लाकडी ठसे घेऊन मैसूरला आले. रंगाऱ्याच्या घरात उडणारी गोष्ट एकच असते, ती म्हणजे रंग. आणि तो उडाला की गिऱ्हाईक दारात येऊन सगळ्या गल्लीसमोर साडी फेकतं. म्हणून तो शब्द घरात घ्यायचा नाही. रंग चढावा, चढत राहावा. भांडी तिच्या आजोबांच्या वेळीच मोडीत गेली, ठसे माळ्यावर वाळवीने खाल्ले. शब्दावरची बंदी तेवढी शाबूत राहिली.

आमचं आणि तिचं घर विजयनगरात एका भिंतीला भिंत लावून होतं. आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वडील कामगार संघटनेचं काम करायचे. मी मराठी वाचायला शिकले ती सोलापूरहून येणाऱ्या पत्रकांवर. त्यामुळे मला लहानपणापासून सगळं उद्गारवाचक चिन्हांसकट येतं. तुळसक्का मला "पत्रकवाली" म्हणायची. नावाने तिने मला क्वचितच हाक मारली.

तिचं लग्न झालं नव्हतं. का, हे विचारणाऱ्याला ती उलट विचारायची, "तुझं का झालं?" पोटासाठी ती पाट्या रंगवायची. विजयनगरातली घरं नवी बांधली जात होती तेव्हा दारावरची नावं तिने रंगवली. 'मातृकृपा', 'श्रीनिवास', 'नेम्मदी'. कन्नड अक्षरांची तिची वळणं अशी गोल आणि ठाम असायची की आजही रस्त्याने जाताना तिच्या हातची पाटी मी लांबून ओळखते. सायकलवर डबे अडकवून फिरणारी बाई बघून लोक हसायचे. "हसू देत," ती म्हणायची, "हसताना पाटी तरी वाचतात."

तिच्या कमरेला कायम मलमलीचा पांढरा तुकडा खोचलेला असायचा. कुठलाही रंग दिसला की तुकडा ओला करायचा आणि घासायचा. तुकडा पांढरा राहिला तर रंग पक्का. बाजारातले वाटाणे, पुतण्याची नवी मोटरसायकल, देवीच्या मूर्तीचा ओठ, तिने काही सोडलं नाही. एकदा निवडणुकीच्या दिवसांत आमच्या भिंतीवर चिकटवलेल्या उमेदवाराच्या गालावर तिने तुकडा फिरवला. गाल तुकड्यावर आला. तिने तो तुकडा पोस्टर लावणाऱ्या कार्यकर्त्याला शांतपणे दाखवला. "बघ. मतदानाच्या आधीच."

पुण्याहून आमच्याकडे एक पाहुणे आले होते. तिचं बोलणं ऐकून त्यांना फार मौज वाटली. तिच्या एका वाक्यात तीन कन्नड शब्द यायचे. "आजी, तुमची मराठी म्हणजे अगदी भेसळ हो," ते म्हणाले. तुळसक्का म्हणाली, "तुमची धुतलेली आहे, आमची रंगलेली आहे. सुम्मने, उगाच कशाला नावं ठेवता?" राज्यांच्या पुनर्रचनेत कोण कुठे गेलं, कुणाला काय मिळालं, यावर मी पाहुण्यांशी तासभर भांडले. त्या तासापेक्षा तिचं ते एक वाक्य त्यांच्या जास्त लक्षात राहिलं.

पण तुळसक्काची खरी गोष्ट पाट्यांच्या आधीची आहे.

राज्यांची नवी रचना झाली त्या सुमारास, अठरा वर्षांची असताना, ती बेंगळूरजवळच्या एका वर्कशॉपमध्ये कामाला लागली. तिथे जुनी लढाऊ विमानं दुरुस्तीला यायची. नाकावर पंखा असलेली, युद्धात वापरून झालेली. रंगखात्यात सात बायका होत्या. त्यांचं काम पंखांवर आणि अंगावर तिरंगी चकती रंगवायचं. बाहेर केशरी, मध्ये पांढरी, आत हिरवी. त्या सातजणी त्याला 'टिकली' म्हणायच्या. "आज किती टिकल्या लावल्या?" हा त्यांचा संध्याकाळचा प्रश्न असायचा.

वैमानिक बसतो त्या जागेच्या कडाही त्याच रंगवायच्या. शिडीवर उभं राहून, पोट पत्र्यावर टेकवून, अर्धं अंग आत वाकवून. पण तिथे एक नियम होता. फोरमन दररोज सकाळी तो मोठ्याने सांगायचा. "हात आत घालायचा. पाय नाही."

बाई आत बसली की विमानाला अपशकुन होतो, अशी समजूत होती. कागदावर कुठेच नव्हती, म्हणून तिच्याविरुद्ध अर्जही करता येत नव्हता. एकदा त्यांच्यातल्या एकीचा ब्रश आत सीटखाली पडला. तिने विचार न करता पाय आत टाकला. तिला त्या दिवशी काढून टाकलं आणि विमानावर नारळ फोडून लिंबू बांधलं.

"आम्ही सहाजणींनी काय केलं माहीत आहे?" तुळसक्का हे सांगताना दर वेळी थांबायची. मी पत्रकांवर वाढलेली. मला वाटायचं, आता संप येणार. "काही केलं नाही. खाली बघून टिकल्या लावल्या. मी पण." मग ती मलमलीचा तुकडा कमरेतून काढून उगाच झटकायची. "हा डाग निघत नाही बघ, पत्रकवाली."

तर ती पंचाहत्तरी ओलांडून गेली होती तेव्हा, एका वर्षी दसऱ्याच्या थोडं आधी, शहरात बातमी आली. बेंगळूरच्या कुणा हौशी श्रीमंताने परदेशातून पंख्याचं जुनं लढाऊ विमान आणलं होतं, आपल्या हवाई दलाच्या जुन्या रंगात रंगवून घेतलं होतं. वैमानिकामागे दुसरी जागा बसवली होती. मैसूरच्या विमानतळावर ते दोन दिवस ठेवणार होते आणि एका फेरीत, त्या काळच्या विमानांशी नातं असलेल्या इथल्या एका माणसाला बसवणार होते. अर्ज मागवले होते.

तुळसक्का भिंतीपलीकडून ओरडली, "पत्रकवाली, पेन घेऊन ये."

मी पेन नेलं आणि माझ्या पद्धतीने मजकूर लिहिला. शोषण, इतिहास, स्त्रीश्रमाची उपेक्षा, तीन उद्गारचिन्हं. तिने वाचून घेतला. "किती हात मारलेस गं? रंगाचे दोन हात बस होतात. तिसरा हात सोलून निघतो. कापून टाक." मग तिने कन्नडमध्ये सांगितलं तसं मी उतरवलं. मी अमुक ठिकाणी अमुक वर्षं टिकल्या रंगवल्या. आम्ही सातजणी होतो. आता मी एकटी उरले. मला त्या विमानात चढायचं आहे.

हत्तबेकु. चढायचं आहे. कन्नडमध्येही ती 'उडणं' टाळायची. माझ्या ते लक्षातही आलं नाही. तिच्या शेजारी वाढल्यामुळे माझ्या कानांना विमान चढतच होतं.

अर्जासोबत एक छापील फॉर्म होता. त्यात शेवटी लिहिलेलं, 'कुटुंबातील जबाबदार व्यक्तीची सही.' तिचा पुतण्या गणू हूटगळ्ळीला राहायचा. कारखान्यातली नोकरी, नवं घर, सज्जन माणूस. तो फॉर्म बघून घाबरला.

"आत्या, सुम्म घरी बस की. ह्या वयात हे कशाला? मी सही नाही करणार."

"तुला कुणी सांगितलं कर म्हणून?"

"जबाबदार व्यक्ती म्हणून लिहिलंय तिथे."

"हो, मग?" म्हणत तिने त्या रेघेवर ब्रशने अक्षर काढावं तशी गोल सही केली आणि नात्याच्या रकान्यात लिहिलं, 'मीच.'

डॉक्टरचा दाखला तिने आधीच आणला होता. डॉक्टरने रक्तदाब दोनदा तपासला, तेव्हा म्हणाली, "अजून एकदा बघ. तुझा पण बघून घे."

आठवड्याने उत्तर आलं. तिची विनंती मान्य झाली होती. आम्ही पेढे वाटले. गणूनेही एक घेतला, पण खाल्ला नाही, हातात धरून बसला.

फेरीच्या दिवशी सकाळी ती नऊवारी नेसून, घट्ट काष्टा मारून आली. गेटवरच्या मुलीने साडी बघून शंका काढली. तुळसक्का म्हणाली, "काष्टा म्हणजे पँटच की, नुसती शिलाई नाही."

विमान उन्हात उभं होतं. छायाचित्रांत दिसतं त्यापेक्षा बरंच लहान, नाक वर करून. तुळसक्का आधी पंखाकडे गेली, तुकडा ओला केला आणि टिकलीवर घासू लागली. धावत आलेल्या माणसाला तिने बोटाने थांबवलं. तुकडा पांढराच होता. "बरं काम आहे," ती म्हणाली. "केशरी जरा लाल मारतोय. असू दे."

मग शिडी लावली. दोघांनी तिला आधाराला हात पुढे केले. तिने घेतले नाहीत. वर पोचल्यावर ती काठाशी क्षणभर थांबली. डावा पाय उचलला आणि आत टाकला.

मी गणूबरोबर खाली उभी होते. मला घोषणा द्यावीशी वाटली. कुठली द्यावी ते सुचलं नाही.

ती मागच्या जागेत बसली. तिच्या खांद्यांवरून पट्टे घेतले. छायाचित्रकाराने फोटो काढले, डावीकडून, उजवीकडून, हसून, सलाम करून. सलाम तिने केला नाही. मग सूट घातलेला व्यवस्थापक शिडीशी आला आणि गोड आवाजात म्हणाला, "आयतु अम्मा. आता इळीरी."

झालं, आता उतरा.

तेव्हा आम्हाला कळलं. विमानाच्या सावलीत वैमानिकासारखे कपडे घातलेला, गळ्यात साखळी असलेला एक पाहुणा मघापासून उभा होता. फेरी त्याची होती. तुळसक्काच्या अर्जावर त्यांनी शेरा मारला होता, 'विमानात चढण्याची इच्छा. छायाचित्रासाठी परवानगी.' व्यवस्थापकाने तो अर्ज माझ्या हातात दिला. अक्षर माझंच होतं. "तुम्हीच लिहिलंय ना, चढायचं आहे? त्या चढल्या. उडायचं आहे, असं कुठे लिहिलंय?"

एका घराने पिढ्यान्‌पिढ्या जपलेला नियम मी इमानाने कागदावर उतरवला होता आणि त्याच नियमाने तिची जागा गेली होती. मी तावातावाने काहीतरी बोलू लागले. फसवणूक म्हटलं, वर्ग म्हटलं. कुणी ऐकत नव्हतं.

पाहुणा पुढे आला. "अज्जी, फोटो मिळाला की. अजून काय पाहिजे?"

वरून आवाज आला. "तुझा पण फोटो झालाय ना रे? मग तू जा की गाडीत बस."

"अम्मा, उशीर होतोय," व्यवस्थापक म्हणाला.

"मी उतरत नाही."

"अम्मा, दया करा."

"दया कशाला? उतरत नाही म्हणजे नाही. तू पण ये वर, जागा असेल तर."

दोन माणसं शिडीवर चढली आणि पट्ट्याला हात लावणार तेवढ्यात तिने त्यांच्याकडे नुसतं बघितलं. पंचाहत्तरी ओलांडलेल्या बाईला ओढून काढायचं कसं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. ते शिडीवरच थांबले. खाली फोन सुरू झाले. गणू माझ्या कानाशी "अय्यो, अय्यो" करत होता. ऊन चढत होतं आणि ती आत ताठ बसली होती, दोन्ही हात मांडीवर ठेवून. कुठल्याही बटणाला ती शिवली नाही.

शेवटी वैमानिक आला. हवाई दलातून निवृत्त झालेला, पांढऱ्या मिशांचा, कमी बोलणारा माणूस. त्याने व्यवस्थापकाचं ऐकलं, माझ्या हातातला अर्ज वाचला, मग शिडी चढून तिच्यासमोर उभा राहिला. दोघांचं बोलणं कन्नडमध्ये झालं. मी शिडीच्या पायथ्याशी होते, सगळं ऐकलं.

"अम्मा, तुम्हाला नक्की काय पाहिजे?"

तुळसक्काने तोंड उघडलं आणि मिटलं. मी तिला शब्दासाठी अडलेली तेवढी एकदाच पाहिली. ती मान वळवून पंखाकडे, त्या टिकलीकडे बघत होती. वडील, आजोबा, त्यांच्यामागची सगळी रंगारी मंडळी तिथे ओळीने उभी असावीत, असं तिच्याकडे बघून वाटलं. मग ती आधी मराठीत, हळू, त्यांनाच सांगितल्यासारखी म्हणाली, "मला उडायचंय."

आणि मग सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात, कन्नडमध्ये, "ननगे हारबेकु!"

गणूने कपाळाला हात लावला. तिने त्या घरात जन्म घेतल्यापासून तो शब्द उच्चारला नव्हता, हे मैदानावर आम्हा दोघांनाच माहीत होतं.

"का?" वैमानिकाने विचारलं.

तिने त्याला सांगितलं. सातजणी, फोरमन, ब्रश, नारळ, लिंबू. दोन हातांत सांगितलं, तिसरा मारला नाही. तो ऐकत राहिला. "दाखला आहे?" तिने कमरेतून काढून दिला. त्याने वाचला, तिची नाडी बघितली, चार-पाच प्रश्न विचारले, पट्टे स्वतः पुन्हा आवळले. "आत कशालाही हात लावायचा नाही," तो म्हणाला.

"हात घालून झालेत माझे," तुळसक्का म्हणाली. "ह्या वेळी नुसते पाय आणलेत."

तो हसला नाही. खाली वळून व्यवस्थापकाला म्हणाला, "माझ्यामागे कोण बसायचं ते मी ठरवतो. शिडी काढा."

पाहुणा खूप बोलला. त्याच्या बोलण्यातलं शेवटचं काही कुणाला कळलं नाही, कारण पंखा सुरू झाला होता. धूर आला, गवत झोपलं, माझ्या हातातला अर्ज गेला तो गेलाच. विमान धावपट्टीवरून पळालं आणि चढलं. उडालं, असं मी आता लिहायला हवं. पण माझी जीभ अजून वळत नाही.

वीस मिनिटांनी ते परत आलं. शिडी लागली. ती स्वतःच्या पायांनी उतरली, पदर नीट केला. वार्ताहरांनी विचारलं, "अम्मा, कसं वाटलं?"

"आवाज लई. वास तोच."

त्यांना एवढ्यावर भागवावं लागलं. आम्हाला तिने संध्याकाळी पायरीवर बसून सांगितलं. तलकाड गावावरून नेलं होतं. नदीकाठची वाळू वरून कोऱ्या कापडासारखी दिसली, वाळत घातलेली, आणि नदी त्याचा गडद काठ. येताना हूटगळ्ळी लागलं. "गणूच्या गच्चीवर माझं लाल पातळ वाळत होतं. वरून पण लालच दिसलं."

"एवढ्या वरून दिसणंच शक्य नाही, आत्या," गणू म्हणाला.

"तू होतास तिथे?"

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, 'वृद्धेचं स्वप्न साकार.' मी रागावले. पत्रक काढू म्हटलं. ती म्हणाली, "स्वप्न झोपलेल्याला पडतं. मी जागेवर बसले होते. हे एवढंच लिही, खाली माझं नाव घाल." मी ते चिठ्ठीवर लिहून पेपरकडे पाठवलं. त्यांनी छापलं नाही. म्हणून इथे लिहिते आहे.

त्यानंतर लोक तिला विचारायचे, आता तुमच्या घरात तो शब्द चालतो का? नाही, चालत नव्हता. चिमणी पुढेही जायची आणि फ्यूजही जायचा. "एकदा लागला, एकदा वापरला," ती सांगायची. वर्कशॉपमधल्या बाकीच्या सहाजणींची नावं मात्र तिने एका पत्र्यावर रंगवली आणि तो पत्रा दाराच्या आत, चौकटीवर टांगला. जिने पाय आत टाकला होता, तिचं नाव सर्वांत वर होतं. आपलं नाव त्यात तिने घातलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, "मी खाली बघितलं होतं. ते विमानात बसून फिटत नाही, पत्रकवाली." एवढं सगळं घडून गेल्यावरही तिने स्वतःला सोडलं नव्हतं. मी पत्रकांतून सगळ्यांना जाब विचारते, पण एवढा सरळ जाब मी स्वतःला अजून विचारलेला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात ती गेली. हूटगळ्ळीला, गणूच्या घरी, दुपारची पडली ती उठली नाही.

मी तिला शेवटचं पाहिलं ते त्याच्या चार दिवस आधी, विजयनगरच्या बस थांब्यावर. ती गणूकडेच निघाली होती. पिशवीत ब्रश होते, त्याच्या नव्या फाटकावर नाव रंगवायचं होतं. बस आली तेव्हा माणसं आधीच दाराशी लोंबकळत होती. मी तिची पिशवी घ्यायला पुढे झाले, तिने दिली नाही. बसच्या पत्र्यावर नवा लाल पट्टा मारला होता. एवढ्या घाईत तिने मलमलीचा तुकडा जिभेला लावून त्या पट्ट्यावर फिरवला. तुकडा गुलाबी झाला. तिने तो मला दाखवला आणि नाक मुरडलं.

"हत्तम्मा, बेग हत्तु!" कंडक्टर ओरडला. चढ अम्मा, लवकर चढ.

तिने आधी डावा पाय पायरीवर ठेवला, मग दांडा धरला.

"चढते रे बाबा," ती त्याला म्हणाली. "उतर म्हणून तेवढं सांगायचं नाही."